आठवी आज्ञा आणि एका खेळाडूची सोळा वर्षे

(श्रद्धा-शिक्षण : दहा आज्ञा. घरी वाचण्यासाठी : दानिएल, अध्याय १३, मत्तय १:१८-२५, मत्तय ७:१-५)



प्रायश्चित्त संस्काराची तयारी करताना आपण चुकलेली मिस्सा आठवतो, रागाच्या भरात दिलेली शिवी आठवतो, बुडवलेले पैसेही आठवतो. पण मागच्या महिन्यात कुणाच्या नावाविषयी आपण काय बोललो, हे फारसे आठवत नाही. 'मी खोटे बोललो नाही, लोक म्हणत होते तेच सांगितले,' एवढे म्हणून आपण आठवी आज्ञा बाजूला ठेवतो. ही आज्ञा केवळ न्यायालयातील खोट्या साक्षीपुरती नाही. दुसऱ्याविषयी आपण मनात काय ठरवतो आणि ते कुणाला सांगतो, हेही तिच्यात येते.

आज ही आज्ञा आपण एका जर्मन खेळाडूच्या जीवनातून समजून घेऊ. तिचे नाव क्लाउडिया पेखश्टाइन. ती कुणी संत नव्हे, आणि आदर्श म्हणून तिचे चित्र भिंतीवर लावा असेही मी सांगत नाही. पण तिच्या बाबतीत जे घडले त्यातून एक प्रश्न स्पष्ट उभा राहतो : पूर्ण सत्य हाती नसताना आपण दुसऱ्याविषयी काय धरून चालावे?

खेळ आणि खेळाडू

आपल्याकडे बर्फच नाही, त्यामुळे स्पीड स्केटिंग हा खेळ आपल्याला परका. बर्फाचा ४०० मीटरचा लंबगोल मार्ग असतो. बुटांना लांब, पातळ, धारदार पाती लावून दोन खेळाडू एका वेळी धावतात. एकाला आतली आणि दुसऱ्याला बाहेरची मार्गिका मिळते, आणि अंतर सारखे पडावे म्हणून प्रत्येक फेरीत ते मार्गिका बदलतात. खरी शर्यत शेजाऱ्याशी नसते, घड्याळाशी असते. महिलांची सर्वांत लांब शर्यत ५००० मीटरची, म्हणजे साडेबारा फेऱ्यांची. सुमारे सात मिनिटे कमरेत वाकून, ताशी चाळीस किलोमीटरहून अधिक वेगाने जायचे. मांड्या पेटतात, पण सरळ उभे राहिले की वेळ गेला.

क्लाउडियाचा जन्म २२ फेब्रुवारी १९७२ रोजी पूर्व बर्लिनमध्ये झाला. १९८९ साली बर्लिनची भिंत पडली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. पुढे एकत्रित जर्मनीकडून ती १९९२ च्या आल्बेरव्हिल हिवाळी ऑलिम्पिकला गेली. वयाची वीस वर्षे पूर्ण व्हायला काही दिवस बाकी असताना तिने ५००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. १९९४ साली नॉर्वेत याच शर्यतीचे सुवर्णपदक तिला मिळाले. १९९८ साली जपानमधील नागानो येथे तिने आपल्याच देशाची महान खेळाडू गुंडा नीमान-श्टिर्नेमान हिला हरवले. ५००० मीटर धावल्यावर दोघींमध्ये फरक होता अवघ्या चार शतांश सेकंदाचा. २००२ साली अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे ३००० आणि ५००० मीटर अशा दोन्ही शर्यती तिने जिंकल्या, त्याही जागतिक विक्रमासह. २००६ साली इटलीतील तुरिन येथे सांघिक सुवर्ण आणि एक रौप्य. एकंदर ऑलिम्पिकची नऊ पदके, त्यांत पाच सुवर्ण.

२००९ साल उजाडले तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती आणि पुढच्या वर्षीच्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकची तयारी करीत होती.

रक्ताचा नमुना

फेब्रुवारी २००९ मध्ये नॉर्वेतील हामार येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. नियमाप्रमाणे खेळाडूंचे रक्त तपासण्यात आले. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी शरीरभर प्राणवायू वाहून नेतात. हाडांच्या मगजात नव्या पेशी सतत तयार होतात आणि कोवळ्या असतानाच रक्तात उतरतात. या कोवळ्या पेशींचे प्रमाण साधारणपणे एक-दोन टक्क्यांच्या आत असते. कुणी चोरून रक्तवर्धक औषध घेतले तर हे प्रमाण वाढते आणि औषध थांबवले की खाली येते. म्हणून क्रीडा संघटना त्यावर लक्ष ठेवतात.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरची मर्यादा २.४ टक्के धरली होती. हामार येथे क्लाउडियाचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाले. दहा-अकरा दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा ते दीड टक्क्याच्या खाली आले होते. तिच्या शरीरात बंदी असलेले कोणतेही औषध सापडले नाही. तरीही जुलै २००९ मध्ये संघटनेने तिला दोन वर्षांसाठी खेळातून बाहेर काढले. तिने लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयात दाद मागितली. नोव्हेंबर २००९ मध्ये लवादानेही बंदी कायम ठेवली. त्यांचे म्हणणे असे, की ही मापे नेहमीची नाहीत, जन्मजात आजाराने ती स्पष्ट होत नाहीत, म्हणून रक्तात कृत्रिम ढवळाढवळ झालेली असली पाहिजे. व्हँकुव्हरचे ऑलिम्पिक तिच्याविना पार पडले.

संघटनेची बाजूही आपण न्यायाने पाहिली पाहिजे. खेळात फसवणूक होते, आणि जे प्रामाणिक खेळाडू हरतात त्यांच्यावर तो अन्यायच असतो. १९७० आणि १९८० च्या दशकांत पूर्व जर्मनीच्या सरकारने आपल्या खेळाडूंना, कित्येक अल्पवयीन मुलींनासुद्धा, उत्तेजक औषधे दिली होती, हे देश एक झाल्यावर उघड झाले. तेव्हा पहारा हवाच. पण 'ती तिकडचीच ना, मग असणारच' असा विचार कुणाच्या मनात आला असेल, तर तो पुरावा होत नाही. माणूस कोणत्या गावचा, कोणत्या घरचा, यावरून त्याने काय केले हे ठरत नाही. आपल्याकडेही 'त्या घरातलाच तो' हे एक वाक्य किती जणांना आयुष्यभर पुरते!

ओले अंगण

सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना एक साधे उदाहरण असते. पाऊस पडला तर अंगण ओले होते. सकाळी उठून पाहिले तर अंगण ओले आहे. म्हणून रात्री पाऊस पडला, असे म्हणता येईल का? नाही. कुणी सडा घातला असेल, टाकी वाहून गेली असेल, नळ फुटला असेल. अंगण ओले आहे हे शंभर टक्के खरे. पाऊस पडला हा मात्र आपला अंदाज. इतर कारणे एकेक करून तपासली तर अंदाज बळकट होतो, हे मान्य. पण 'दुसरे कारण मला सापडले नाही' आणि 'दुसरे कारण नाहीच' या दोन गोष्टी एक नव्हेत.

क्लाउडियाच्या बाबतीत २०१० साली जर्मनीतील रक्तविकारतज्ज्ञांनी दुसरे कारण पुढे ठेवले. वडिलांकडून आलेला तांबड्या पेशींचा एक सौम्य जन्मजात दोष तिला आहे, आणि अशा दोषात कोवळ्या पेशींचे प्रमाण आपोआप वाढू शकते, असे त्यांनी सांगितले. २०१५ साली जर्मन ऑलिम्पिक संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञांनी अभिप्राय दिला, की त्या मापांवरून उत्तेजक घेतल्याचे सिद्ध होत नाही. संघटनेच्या अध्यक्षांनी तिची माफी मागितली. जागतिक संघटनेने मात्र आपला निर्णय मागे घेतला नाही.

क्लाउडिया न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिली. एका ठिकाणी जिंकली, दुसऱ्या ठिकाणी हरली. २०१८ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तिच्या सगळ्या तक्रारी मान्य केल्या नाहीत, पण एक महत्त्वाची मान्य केली. तिने लवादासमोर उघड सुनावणी मागितली होती व ती नाकारण्यात आली होती. हा तिच्या हक्काचा भंग आहे असे न्यायालयाने म्हटले आणि तिला ८,००० युरो भरपाई ठरवली. २०२२ साली जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानेही तिच्या बाजूने निकाल देऊन खटल्याचा मार्ग पुन्हा मोकळा केला. अखेर २०२५ साली तिच्यात आणि स्केटिंग संघटनेत समझोता झाला. मधल्या काळात सोळा वर्षे गेली.

'तिने केले' किंवा 'तिने केले नाही' असा सर्वांना मान्य होईल असा अंतिम शब्द या सगळ्यातून निघालेला नाही. तो शब्द आपणही येथे उच्चारणार नाही. त्या नमुन्यामागचे सत्य परमेश्वराला ठाऊक आहे. आपला प्रश्न आहे आपल्या निवाड्याचा.

पवित्र शास्त्र काय शिकवते?

दानिएलच्या ग्रंथातील सुझान्नाची कथा प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यात सोमवारी मिस्सामध्ये वाचली जाते. दोन वडीलधारे, मानाचे न्यायाधीश तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात. लोक त्यांचे वय आणि पद पाहतात आणि सुझान्नाला मरणाची शिक्षा ठरवून मोकळे होतात. आरोप करणारे प्रतिष्ठित, म्हणून आरोप खरा! तरुण दानिएल मध्ये पडतो. तो फार मोठे काही करत नाही. दोघांना वेगळे करतो आणि एकच प्रश्न विचारतो, कोणत्या झाडाखाली हे घडले? एक जण एका झाडाचे नाव घेतो, दुसरा दुसऱ्याचे. सर्वांसमक्ष विचारलेल्या त्या एका प्रश्नाने निरपराध स्त्रीचा जीव वाचतो. लोक वाईट होते असे शास्त्र म्हणत नाही. त्यांनी विचारले नव्हते, एवढेच.

दुसरा प्रसंग संत योसेफाचा. पवित्र मरिया गरोदर आहे हे त्याला कळते. ही अफवा नव्हती, वस्तुस्थिती होती. त्यावरून जगातल्या कोणत्याही माणसाने जो निष्कर्ष काढला असता, तो मात्र चुकीचा ठरला असता, कारण खरे कारण मनुष्याच्या अंदाजापलीकडचे होते. देवमातेची तुलना मी कोणा खेळाडूशी करीत नाही. मला योसेफाचे वागणे दाखवायचे आहे. सत्य पूर्ण कळलेले नसताना त्याने तिची बेअब्रू होऊ द्यायची नाही असे ठरवले. शेजारी गेला नाही, नातेवाइकांची बैठक बोलावली नाही. आपल्या मनातील वेदना घेऊन तो झोपला आणि देवाला बोलायला वेळ दिला. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो. सत्य कळेपर्यंत जीभ आवरणे ही नीतिमान माणसाची खूण आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २४७७) दुसऱ्याच्या नावाविरुद्धची तीन पापे वेगवेगळी सांगतो. ती नीट लक्षात ठेवावीत.

पहिले, अविचारी निवाडा. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा दोष मनातल्या मनात जरी खरा धरला, तरी हे पाप घडते. तोंड उघडण्याची गरज नाही.

दुसरे, परनिंदा. दोष खरा असतो, पण ज्याला तो ठाऊक असण्याची गरज नाही त्याला आपण योग्य कारणाशिवाय सांगतो. 'खरे तेच सांगितले' ही सबब येथे चालत नाही.

तिसरे, खोटा आळ. सत्याविरुद्ध बोलून दुसऱ्याचे नाव बिघडवणे आणि इतरांनाही चुकीचा निवाडा करायला लावणे.

संत थॉमस अक्वायनस यांनी याबाबत फार व्यवहारी विचार मांडला आहे. ते म्हणतात, की संशयाच्या जागी चांगला अर्थ घेणारा माणूस अनेकदा फसेल. तरीही वाईट माणसाविषयी चांगले धरून अनेकदा फसलेले परवडले, पण चांगल्या माणसाविषयी वाईट धरून थोड्या वेळा चुकणेही बरे नाही. कारण पहिल्या चुकीत दुसऱ्यावर अन्याय होत नाही, दुसऱ्या चुकीत होतो. संत इग्नाती लोयोला यांनीही आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात सुरुवातीलाच सूचना दिली आहे, की ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याच्या बोलण्याचा शक्य तो चांगला अर्थ घ्यावा, आणि तसा अर्थ घेता येत नसेल तर आधी त्यालाच विचारावे.

याचा अर्थ गुन्ह्यावर पांघरूण घालावे असा मुळीच नाही. लहान मुलाला कुणी इजा करीत असेल, संस्थेचा पैसा गायब होत असेल, घरात बाईला मारहाण होत असेल, तर गप्प बसणे हेच पाप ठरते. पण तेव्हा बोलायची जागा ठरलेली असते : पोलीस, न्यायालय, संस्थेची सभा, धर्मगुरू. लग्नाचा मांडव, बाजाराची वाट आणि व्हॉट्सॲपचा गट या तक्रारीच्या जागा नव्हेत. योग्य ठिकाणी उघड बोलले तर आरोपीलाही उत्तर देता येते. कुजबुजीला उत्तर देता येत नाही, कारण ती त्याच्यासमोर कधी येतच नाही. क्लाउडियाने उघड सुनावणी मागितली ती याचसाठी.

आपल्या धर्मग्रामात

आता आपल्याकडे वळू. पतपेढीच्या हिशेबात फरक आला की खजिनदाराकडे बोट जाते. त्याने नवे घर बांधले असेल तर मग विचारायलाच नको. घर दिसते, मुलाने आखातातून पाठवलेले पैसे दिसत नाहीत. मुलीचे ठरलेले लग्न मोडले की कारण आपणच शोधून काढतो. तरुण उशिरा घरी येतो, म्हणजे पितो. तो कदाचित रात्रपाळी करून येत असेल. एखादी बहीण मिस्सामध्ये कम्युनियन घ्यायला पुढे आली नाही की शेजारच्या बाकावर भुवया वर जातात. या सगळ्यांत अंगण ओले असते. पाऊस आपण पाडतो.

आणि नाव एकदा गेले की परत आणणे किती कठीण असते, तेही या खेळाडूकडे पाहून कळते. तिला २०११ साली पुन्हा बर्फावर उतरता आले. एकोणचाळिशीत तिने जागतिक स्पर्धेत ५००० मीटरचे कांस्यपदक मिळवले. २०१४, २०१८ आणि २०२२ अशी आणखी तीन ऑलिम्पिक ती खेळली. बेजिंगला २०२२ साली तिने आपल्या देशाचा ध्वज वाहिला. वयाची पन्नाशी अवघ्या काही दिवसांवर होती आणि तिचे हे आठवे हिवाळी ऑलिम्पिक होते. तिच्याआधी कोणतीही स्त्री आठ हिवाळी ऑलिम्पिक खेळली नव्हती. ३००० मीटरमध्ये ती शेवटची आली. वीस वर्षांपूर्वी याच अंतराचे सुवर्ण तिच्या गळ्यात होते. एवढे सगळे करूनही तिचे नाव निघाले की लोकांच्या ओठांवर पदकांसोबत तो रक्ताचा नमुना येतोच. तिचे व्हँकुव्हर तिला कुणी परत देऊ शकत नाही.

तिला निदान न्यायालये होती, वकील होते, तज्ज्ञ होते. आपल्या गल्लीतल्या ज्या माणसाचे नाव आपण घेतले त्याच्याजवळ यातले काहीच नाही. तो फक्त लोकांच्या नजरा टाळू लागतो, सणाला बाहेर पडत नाही, मिस्साला मागच्या दाराजवळ उभा राहतो. त्याची सोळा वर्षे कुणी मोजत नाही.

म्हणूनच ख्रिस्तसभा सांगते (परिच्छेद २४८७), की दुसऱ्याचे नाव बिघडवले असेल तर पापक्षमा मागण्याबरोबर नुकसानभरपाईही करावी लागते. चोरलेला पैसा जसा परत करायचा असतो, तसे घेतलेले नावही परत करायचे असते. ज्यांना सांगितले त्यांच्याकडे जाऊन 'मी बोललो त्याला आधार नव्हता' एवढे म्हणायचे. हे वाक्य जड जाते. दहा नामजप सोपे वाटतात. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याला या वाक्याचीच गरज असते.

कुटुंबात व लघु ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१. गेल्या महिन्यात मी कुणाविषयी ऐकलेली कोणती गोष्ट तपासल्याशिवाय पुढे सांगितली?

२. 'ती गोष्ट खरीच होती' असे म्हणून मी जे बोललो, ते सांगण्याची खरोखर गरज होती का? कुणाला?

३. आपल्या वाडीत असा कोण आहे, जो एका आरोपामुळे लोकांपासून दूर झाला आहे? या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल?

४. खरी तक्रार असेल तर ती कुठे आणि कशी करावी, हे आपल्या मुलांना माहीत आहे का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, खोट्या साक्षीदारांसमोर तू शांत उभा राहिलास. आम्हांला दिसते त्यापेक्षा अधिक तुला दिसते, हे आम्ही विसरतो. आमच्या डोळ्यांना धीर दे आणि जिभेला लगाम दे. ज्यांचे नाव आमच्यामुळे गेले, त्यांच्या दारी जाण्याचे धैर्य आम्हांला दे. ज्यांच्यावर आळ आला आहे आणि ज्यांचे ऐकायला कुणी नाही, त्यांच्या सोबतीला तू राहा. आमेन.